डाव्या कानातलं आवतण

२१ ऑगस्ट, हुडकेश्वर
आज सकाळी निघण्याआधी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावलं आणि पोळ्याच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." हे खरं संध्याकाळचं काम, पण उमरेडहून नागपूरची बस धरायची होती. रुख्मिणी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिला डाव्या कानाने सहा महिन्यांपासून ऐकू येत नाही. गमतीने त्या कानातही मी तेच आवतण दिलं. बायकोला कळलंसुद्धा नाही. मी एकटाच हसलो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, पण मेंदूला टेकली आहे. २८ तारखेला ऑपरेशन. तोवर नागपुरात दवाखान्याजवळ ही भाड्याची खोली. हवेशीर आहे. मालकीण यमुताईंनी जपाला तुळशीपाशी जागा दिली. पांडुरंगाची कृपा.

२२ ऑगस्ट, पोळा
यमुताईंनी पुरणपोळी पाठवली. रुख्मिणीने आपल्या डावीकडे तिसरं ताट वाढलं. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, "तुमीच तं बोलावलं ना त्याले."
कालची गंमत मी तिला सांगितली नव्हती.

२४ ऑगस्ट
त्या कानात आवाज येतो म्हणाली. डॉक्टरांना फोन केला. या गाठीत शिट्टीसारखा आवाज येतोच, म्हणाले. ती म्हणते शिट्टी नाही, कोणी रवंथ करून राहिलं.
चालताना तोल जातो, तेही आजारातलंच. पण मी तिचा उजवा हात धरतो तेव्हा डावीकडून कोणी ओढावं तशी ती जड लागते.

२५ ऑगस्ट
तिच्या डावीकडे बसून हरिपाठ म्हटला. थट्टेने म्हणाली, "हळू म्हणा, पाहुण्याचा डोळा लागून राहिला."
मला हसू आलं नाही.

२६ ऑगस्ट
तिच्या कानाला कान लावला. रवंथ. मग माझाच आवाज. उद्या जेवायले या. उद्या जेवायले या.
पाच दिवस झाले. त्याचा उद्या संपत नाही.

२७ ऑगस्ट
संमतीच्या कागदावर सही करत नाही म्हणते. इथून काढलं तर ज्याने बोलावलं त्याच्याकडे जाईन, असं तो तिला सांगतो.
"मी ऱ्हाईन बहिरी. तुमाले काहून देऊ त्याच्या तोंडी?"
डॉक्टर म्हणाले, थांबलात तर जीव जाईल. गावी नेता येत नाही. इथे थांबता —

२८ ऑगस्ट, दवाखाना
सकाळी माझा डावा कान तिच्या डाव्या कानाला टेकवला. आवतण दिलं. आता माझ्याकडे, या रुपरावकडे या, इथलं जेवण संपलं.
ती दचकली. हलकं वाटून राहिलं म्हणाली. सही केली. मीही केली.
तिला आत नेलं.
नर्सने डावीकडून तीनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू नाही आली — फक्त रवंथ. अगदी जवळ. आणि तो विचारतो, ताट कुठे —