वांग्याच्या वाफ्यावरची क्रियापदं

बाबा,

काल संध्याकाळपासून मी मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायचं तर तुमच्याशीच. नात पुण्याहून आली आहे, तिथे ती इटालियन शिकते. मला मेलीला फुशारकी सुचली. म्हटलं, तुझ्या मास्तरांच्या आधी माझ्या बापाने मला ती शेतात शिकवली आहे, ऐक. आणि चहा पिता पिता सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

मालेगावच्या अलीकडचं आपलं वांग्याचं रान अजून डोळ्यांपुढे आहे. दुसरं महायुद्ध संपून तुम्ही इटलीहून नुकतेच परतला आहात, मी दहा वर्षांची. तुम्ही फावड्याने पाणी वळवता, आणि एक वाफा भरेपर्यंत आपण एक क्रियापद घोटतो. तिकडून आणलेल्या फाटक्या पुस्तकातला नियम तुम्ही समजावला होता: जाणं, चढणं, राहणं, मरणं यांच्या आधी ‘सोनो’, म्हणजे ‘मी आहे’. ऐकणं, बोलणं, खाणं यांच्या आधी ‘ओ’, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. पण कुठल्या शब्दाचा काय अर्थ, ते विचारलं की म्हणायचात, “तुले काय करायचं? पाठ कर अन् मी चुकलो तं टोक, बस.”

आई मेथीच्या जुड्या बांधता बांधता हसायची. “पोरीले हे कायले शिकवून राह्यले? बाजारात भाजी इकाले कामी येते काय?”

तुम्ही हसत नव्हता. “कैदेतून पळालो, तं तिथल्या एका मायनं मले घरात लपवलं. तिले चिठ्ठी लिहाची हाये. तोंडानं मोडकंतोडकं चालते, कागदावर नाही चालत.”

उपकाराची चिठ्ठी असणार, असंच आम्ही दोघी धरून चाललो. माणूस उपकार विसरला नाही, असं आई विहिरीवर बायकांना कौतुकाने सांगायचीसुद्धा.

एकदा मी ‘सोनो रिमास्तो’ऐवजी ‘ओ रिमास्तो’ म्हटलं. तुम्ही फावडं फेकलंत. “‘ओ’ नाही! ‘सोनो’! रायलो मी, रायलो तिथंच!” पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी तुम्ही बांधावर बसूनच होता. मी किती रडले! दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी लाल रिबीन आणलीत आणि हातात ठेवलीत. एका चुकीपायी एवढा संताप करणारा बाप, म्हणून मी पुढे कितीतरी दिवस तुम्हाला भीत होते.

काल माझं पाठांतर ऐकता ऐकता नातीने कप खाली ठेवला. “आजी, हे सुटे शब्द नाहीत गं. सलग आहे हे.” आणि एकेक उलगडत गेली. सोनो सालितो, मी वर चढलो. सोनो रिमास्तो, तिथेच राहिलो. ओ सेन्तितो, मी ऐकलं. ओ ताच्युतो, गप्प बसलो. आणि शेवटचं, जे मी गाण्यासारखं लांबवायचे, आन्नो उच्चीझो तुओ फिल्यो: त्यांनी तुझ्या मुलाला मारून टाकलं.

बाबा, हे तुम्ही माझ्या तोंडून रोज ऐकत होता? दहा वर्षांच्या पोरीच्या? म्हणजे तुम्हाला शोधत आलेले शिपाई खाली त्या माईच्या पोराला तुमचा ठावठिकाणा विचारत असणार, आणि तुम्ही माळ्यावर श्वास धरून. मुलगा गेला हे त्या माईला ठाऊकच असणार. तुम्ही वरून सगळं ऐकलंत, हे मात्र ठाऊक नसणार. ते सांगायला तुम्ही भूतकाळ शिकत होता, आणि तो पुरता येण्याआधीच त्या हिवाळ्यात तापाने गेलात. चिठ्ठी काही गेली नाही.

पण खरं सांगते. तुम्ही खाली उतरला नाहीत हे कळल्यावर मला सगळ्यात आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली, पण ती मागाहून.

नात म्हणते, त्या घरात अजून कुणीतरी असेल, आपण कळवायला हवं. त्या गावाचं नाव तेवढं सांग. तुम्ही ते तापात बरळत होता, मी उशाशीच होते, मला ते पक्कं येतं. मी तिला सांगितलं, आठवत नाही.