अर्ध्या तासाचा आवाज

३ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल उघडल्यावर तू वायर बाजूला टाकून आधी पत्र वाचशील, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. माझ्या घशात गाठ आहे. २८ तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार आहेत. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आणि ते उगाच गोड बोलणारे वाटत नाहीत. आवाज राहणार नाही.

नोव्हेंबरपासून ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही. दोनदा फोन हातात घेतला, पण माझा आवाज ऐकून तू विचारलं असतंस आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. सर्दी झाली आहे, असं तुझ्या वहिनीकडून कळवत राहिलो. आता तर बोलायला बंदीच आहे. फोनवर अंगठ्याने लिहिणं मला जमत नाही. मी ‘ठीक आहे’ लिहायला जातो आणि फोन भलतंच काहीतरी पाठवून मोकळा होतो.

काम असं. इथल्या स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात की माणसाचा जुना, स्वच्छ आवाज अर्धा तास मिळाला, तर त्यावरून संगणकात त्याचाच आवाज तयार करता येतो. मी टाइप करायचं, यंत्राने माझ्या आवाजात बोलायचं. आत्ता भरलेला आवाज चालत नाही; तो गंजलेल्या बिजागरीसारखा येतो. जुना मिळाला नाही, तर यंत्राचा तयार आवाज घ्यावा लागेल. तो मी ऐकला. फोनवर आपल्याला ताटकळत ठेवणारा जो गुळगुळीत माणूस असतो ना, तो. तुझी वहिनी ऐकता ऐकता खोलीतून उठून गेली.

इतकी वर्षं क्रेनवाल्यांना वॉकीटॉकीवर सूचना दिल्या. माझ्या आवाजावर लोकांनी वीस-वीस टनांचे खोके उतरवले, पण तो कुणी साठवून ठेवला नाही. घरच्या व्हिडिओत मी नाही, कारण कॅमेरा माझ्याच हातात असायचा. मात्र लांबच्या बंदरावर नोकरीला होतो तेव्हा पत्रांऐवजी कॅसेटी भरून पाठवायचो. त्या आईच्या कपाटात असतील. कपाट तुझ्याकडे आहे, आणि आईने कधी काही टाकलं नाही.

वायरीचं एक टोक टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकात, दुसरं लॅपटॉपच्या. आधी लॅपटॉपवर रेकॉर्ड सुरू कर, मग टेप लाव. टेपरेकॉर्डरचं लाल बटण मात्र दाबू नकोस; होतं तेही पुसलं जाईल. बाईंना सगळं २० तारखेपर्यंत हवं आहे, म्हणजे ऑपरेशनच्या आधी मला यंत्राची सवय होईल.

घाबरू नकोस. माझ्यावर चिडलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
दादा


७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र प्रयोगशाळेत उघडलं. समोर पाण्याच्या नमुन्यांच्या चोवीस बाटल्या होत्या. वाचून झाल्यावर मी एका विहिरीची चिठ्ठी दुसऱ्या विहिरीला लावली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

चार महिने, दादा. लपवण्यावरून तू एकदा आम्हाला काय काय बोलला होतास ते मला आठवतं. पण ते आत्ता नको.

कॅसेटी सापडल्या. अकरा आहेत, आईच्या हाताने नंबर घातलेल्या. टेपरेकॉर्डर लावला तर मोटर फिरत होती, कॅसेट फिरत नव्हती. आतला रबराचा पट्टा वितळून डांबर झाला होता. बाजारातल्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा घातला आणि म्हणाला की आता हे यंत्र आणि मी, दोघांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. घरी येऊन कापसाने आतलं हेड पुसलं. कापूस तपकिरी झाला. तो तुझा आवाज निघून आला की काय असं वाटून मी तो टाकला नाही. हसू नकोस. सध्या माझं डोकं असंच चालतं.

तू सांगितलंस तसंच जोडलं. पिन घातली की टेपरेकॉर्डर गप्प होतो, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी नाचत होती, म्हणजे तू बोलत होतास. मी तिच्याकडे बघत बसले. एकदा ती एकदम वर गेली, तेव्हा वाटलं की दादा हसला.

दोन तासांचं भरून झालं. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. अकरावी कॅसेट बाजूला ठेवली आहे. या दोन तासांतून अर्धा तास सहज निघेल, तेव्हा ती लागणार नाही.

खातोस का नीट? गिळायला त्रास होतो का? हे तू लिहिलं नाहीस. वहिनीला नमस्कार. तुमच्या दोघांच्या प्रेमात मी आहेच, असं धरून चालते.

तुझी
भोंगा


११ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

पेनड्राइव्ह बाईंकडे नेण्याआधी घरी लावून ऐकला हे बरं झालं. त्यात मी नाही. तू आहेस.

चूक माझी. मी साधी वायर पाठवली. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि ते बाहेरचा आवाज आत घेतं की नाही हे पिनेवर ठरतं. त्याने आपली पिन इअरफोनची समजली आणि स्वतःच्या माइकने तुझी खोली भरून घेतली. टेप गुपचूप फिरत राहिली, लॅपटॉप तुला ऐकत राहिला. पट्टी एकदम वर गेली तेव्हा मी हसलो नव्हतो, तू शिंकली होतीस.

दोन तास पूर्ण ऐकलं, कुठेही पुढे ढकललं नाही. पंखा आहे. नळ आहे, तो गळतो, वायसर बदल. शेजारीण येते आणि तू तिला सांगतेस की दादाला काही झालं तर मला भोंगा म्हणणारं जगात कुणी उरणार नाही. मग खुर्ची सरकते आणि नळ बराच वेळ चालू राहतो. मला लिहिताना तू फक्त गिळण्याची चौकशी केलीस.

गिळताना त्रास होतो. पेज आणि सूप घेतो. सहा किलो वजन गेलं. विचारलंस म्हणून लिहिलं. यापुढेही विचारलंस तर लिहीन.

सोबत एक छोटी डबी आहे. तिला लाल आणि पांढरं अशी दोन भोकं आहेत आणि मागून लॅपटॉपची वायर निघते. नवी केबल टेपरेकॉर्डरपासून या डबीत घाल. लॅपटॉपवर ‘आवाज कुठून घ्यायचा’ असं विचारतं, तिथे डबीचं नाव निवड. इअरफोन डबीला लावून स्वतः ऐकत राहा, आणि पट्टी लालमध्ये जाऊ देऊ नकोस. नऊ दिवस उरले आहेत. हल्ली सकाळी उठल्यावर आधी दिवस मोजतो, मग चष्मा शोधतो.

काळजी कर, पण जेवून कर. आशीर्वाद कमी पडणार नाहीत.

दादा


१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डबी लावली. या वेळी इअरफोनमध्ये आवाज आला, पण तो तुझा नव्हता. आई होती. ती टेपरेकॉर्डरशी बोलायची तशी, सावकाश आणि मोठ्याने, जणू तूच बहिरा आहेस.

दादा, आपण आपलीच पद्धत विसरलो होतो. तू कॅसेट भरून पाठवायचास. आम्ही ऐकायचो आणि तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवायचो. मग तू त्यावर, पुन्हा आम्ही. कायमचा परत आलास तेव्हा दहा कॅसेटी तुझ्या बॅगेत होत्या, आणि दहाहींवर शेवटचं बोलणं आमचं. तुला आम्ही पुसून टाकलं आहे. बाबा घसा साफ करून हवामान सांगतात. मी परीक्षेची रडगाणी गाते. माझा आवाज खरंच भोंग्यासारखा होता.

आमचं बोलणं संपतं तिथे खट्ट होतं, आणि मागून तू निघतोस, अर्ध्या वाक्यात. एकीकडे कुणीतरी हेल्मेटमध्ये काहीतरी लपवल्याचं सांगतोस. काय, ते कळायच्या आत टेप संपते. एकीकडे नुसता खोकतोस. दहा कॅसेटींची सगळी शेपटं जोडली. सहा मिनिटं चाळीस सेकंद भरली.

उरली अकरावी. ती तुझ्याकडे परत गेली नव्हती, कारण तिला आम्ही उत्तर दिलं नाही. म्हणून तिच्यावर तू पूर्ण आहेस, पंचेचाळीस मिनिटं. बाबा तीन महिने आजारी होते हे तुला कळवलं नव्हतं, आणि ते गेल्याचं तुला पंधरा दिवसांनी कळलं, त्यानंतरची ही. आईने ती एकदा ऐकली, नंबर घातला आणि कपाटात ठेवली. बत्तीस वर्षांनी मी काल पुन्हा ऐकली.

तू आईला विचारतोस की मी घरचा मुलगा आहे की पाहुणा. म्हणतोस की माझ्या वतीने ठरवण्याचा हक्क तुला कुणी दिला. शेवटी म्हणतोस की यापुढे काहीच कळवू नका. पट्टी सारखी लालमध्ये जात होती. मी डबीवरून आवाज कमी केला, तरी तू ओरडतच होतास.

आता एक सांगते. लिहायला घेऊन दोनदा कागद टाकला. आई तुला कळवणार होती. पत्र लिहायला बसलीही होती. मीच म्हटलं की नको, दादा काम अर्धवट टाकून येईल आणि त्याला पुन्हा घेणार नाहीत, बाबा काय आठवड्याभरात बरे होतील. तिने पेन ठेवलं. तुझं बोलणं ऐकताना मी तिच्या शेजारी बसले होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव तिने कधीच घेतलं नाही, आणि ती गेल्यावरही मी तुला सांगितलं नाही.

कॅसेट लॅपटॉपवर उतरवून ठेवली आहे. आवाज स्वच्छ आहे. पण तो अशा बोलण्यातून बनावा का, हे मी ठरवणार नाही. तुझ्या वतीने एकदा ठरवून बघितलं आहे. कळव. पाचच दिवस आहेत.

यापुढे मला पत्र लिहावंसं तुला वाटलं तर लिही.

भोंगा


१८ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांनी तुमचं पत्र वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि चपला घालून बाहेर पडले. दोन तास आले नाहीत. मी गॅलरीतच उभी होते. अशा प्रकृतीत कुठे बसले असतील, चक्कर आली तर हाक तरी कशी मारतील, हेच मनात. आले ते घामाने भिजून. काय झालं म्हणून विचारलं तर पाटी घेतली, काही लिहिलं आणि मी वाचायच्या आत पुसलं. कालचा सबंध दिवस पाटी कोरी.

कॅसेटमध्ये काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. मी लग्न करून आले तेव्हा या घरात एका विषयावर सगळे गप्प असत, एवढं मात्र कळलं होतं.

बाईंनी दोन दिवस वाढवून दिले आहेत, २२ पर्यंत. त्यापुढे नाही म्हणाल्या. आज सकाळी ह्यांनी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं. तसंच उतरवते: अकरावी पाठव, पूर्ण, काही कापू नकोस.

दुसरं काही लिहिलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून मीच विचारलं की वन्संना आणखी काय कळवू. ह्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ मला लावता आला नाही, म्हणून लावत नाही. पेनड्राइव्ह आजच पाठवा. माझ्यावर आहे तो जीव तसाच असू द्या.

तुमची
वहिनी


११ एप्रिल

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

ऑपरेशन झालं, हे तुझ्या वहिनीने कळवलंच. गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथून जातो. खोकला आला की हात सवयीने तोंडावर जातो आणि जागा चुकते. गाठ सगळी निघाली असं म्हणतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार. म्हणजे धाकधूक आहेच, फक्त तारीख बदलली.

यंत्र मिळालं. आवाज माझा आहे. एकोणतीस वर्षांचा आणि संतापलेला. ज्या बोलण्यावरून आवाज बनतो त्याची धार त्यात उतरते, असं बाईंनी आधी सांगितलं होतं, आणि ती काढायचं बटण नाही. मी पाणी मागितलं तरी भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. नर्स धावत येते. शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ पहिल्या दिवशी माझी माफी मागून गेला, कशाबद्दल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तुझी वहिनी म्हणते की त्या वयातला नवरा तिने पाहिला नव्हता, ते नशीबच.

तुझ्या त्या पत्राचं उत्तर राहिलं आहे. त्या दिवशी मी चालत सुटलो तो रागानेच. तुझ्यावर, की आईने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं त्यावर, हे दोन तास चालूनही ठरलं नाही. परतताना लक्षात आलं की नोव्हेंबर ते मार्च मी नेमकं तेच केलं. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. मी एकसष्ट वर्षांचा आहे.

आईला उत्तर द्यायची सोय राहिली नाही. तुला देता येईल. पण ते पत्रात लिहून उरकायचं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता फोन करीन. आवाज चढलेला येईल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. शब्द मी शांतपणे निवडलेले असतील. एकेक वाक्य टाइप करावं लागतं आणि माझा हात जड आहे. तू काही विचारलंस तर बराच वेळ काही ऐकू येणार नाही. लाइन गेली असं समजून फोन ठेवू नकोस. मी तिथेच असेन.

तुझा
दादा