वाटीभर भात

पोलादपूर,
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय मंजुळा,

सप्रेम जय भीम.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "बाबा, मरणाऱ्या बाईला तुम्ही पोटभर भातसुद्धा दिला नाहीत," आणि मिळेल त्या गाडीने कल्याणला निघून गेलीस. त्यानंतर तुझं पत्र नाही. मी रागावलेलो नाही, पोरी. दवाखान्यात तू दारात उभी होतीस आणि मी तिच्या ताटातला भात काढून घेत होतो, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. त्याआधीची वर्षं मात्र तू पाहिली नाहीस.

तिला साखर निघाली तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी छापील कागद हातात दिला. भात बंद. गव्हाची पोळी, दूध, सफरचंद. आपल्या वाडीत सफरचंद कुणी आणल्याचं मला तरी आठवत नाही, पण गहू आणला. पोळी तिच्या घशाखाली उतरेना. "अवो, चावून चावून तोंड दुखतं, पन जेवल्यासारखं वाटत नाय," म्हणायची. महिनाभरात हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. एकदा शाळेतून लवकर घरी आलो, तर चुलीपाशी पाठमोरी बसून टोपातला गार भात मुठीने खात होती. मला बघून इतकी ओशाळली, की मीच पुन्हा बाहेर गेलो.

मग तिला महाडला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. औषध लिहायच्या आधी ते तिलाच विचारत बसले. उठता कधी, शेतावर काय नेता, भूक कधी लागते, जेवता सगळ्यांबरोबर की मागाहून. सगळं ऐकून म्हणाले, "भात सोडू नका, बाई. वाटीने घ्या. आधी नाचणीची भाकरी आणि भाजी, नाहीतर कुळथाचं पिठलं, आणि भात शेवटी. उपाशीपोटी शेतावर जायचं नाही." मला म्हणाले, "गुरुजी, एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. हिला काय मानवतं ते तुम्ही बघत जा."

तेव्हापासून सकाळी शाळेत जाण्याआधी मी साखर तपासायला काचेच्या नळीत निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. निळं राहिलं की तिचा चेहरा फुलायचा. विटकरी झालं की मी न विचारताच आदल्या दिवशीचं सांगून टाकायची. असं करत करत कळत गेलं. पेज प्यायली की बिघडायचं, सुकट भाजून दिली की थोडक्या भातात भागायचं. एका घरात दोन तऱ्हेची ताटं नकोत म्हणून मीही तिच्यासारखंच जेवू लागलो. शेजारची रंगूबाई हसायची, "गुरुजींना पन साखर झाली काय गो?" गेल्या मार्चमध्ये तुझी आई चवदार तळ्यावर आली, उन्हात उभी राहिली आणि परत येताना मलाच म्हणाली, जरा झपझप चला. मला वाटलं, निभावलं आपण.

यंदाच्या लावणीत तिच्या तळपायात काटा मोडला. साखरेने पाय बधिर झालेले, तो तिला दुखलाच नाही, म्हणून तिने सांगितलाही नाही. जखमेचा वास आला तेव्हा मला कळलं. तू दवाखान्यात आलीस त्या दिवशी डॉक्टर साखर उतरवायची खटपट करत होते. पाय वाचेल, अशी आशा होती. म्हणून तो भात मी काढला.

दवाखान्यातून तू कल्याणला परतल्यावर एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता मागतील ते द्या. मी तुझ्या काशीमावशीकडून ताटभर गरम भात आणला, वर माशाचं कालवण. तुझ्या आईने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढा कशाला वाढलाव?" म्हणाली. आणि जरा थांबून, "म्हंजे आता काय उपेग नाय ना?"

दोन घास खाल्ले तिने, तेही माझ्यासाठी. ताट बाजूला सारून म्हणाली, "मंजूला दिवस गेले की पयलं तपासून घ्यायला सांगा. इसरू नका."

काल एस.टी. स्टँडवर तुझा दीर पांडू भेटला. तुला सहावा महिना आहे हे मला त्याच्याकडून कळलं. सारखी तहान लागते म्हणाला, पोट चांगलं मोठं आहे म्हणून सासूबाई खूश आहेत. मंजू, तू जन्मलीस तेव्हा सुईण म्हणाली होती, इतकं दांडगं पोर मी बघितलं नाही. तुझ्या पाठचा मुलगाही तसाच मोठा होता. नवव्या महिन्यात तो पोटातच गेला. आम्ही नशीब म्हणून गप्प बसलो. महाडच्या डॉक्टरांनी पुष्कळ वर्षांनी आम्हाला सांगितलं, की तेव्हाही बहुधा साखरच असावी, आणि आईची साखर लेकीला येऊ शकते. ते ऐकल्यापासून तिच्या मनातून ती भीती गेली नाही. तू कामाची सबब सांगू नकोस. हे पत्र खाली ठेव आणि दवाखान्यात जा. काही निघालं तरी घाबरू नकोस. वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं, आम्हालाच ते वेळेवर कळलं नाही. माझ्यावरचा राग राहू दे, त्याला घाई नाही. फक्त एका कार्डावर "तपासलं" एवढं लिहून टाक.

तुझेच,
बाबा