चौतीस बाबी

दि. ९ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. तू आणि जावई कुशल असाल, असे धरून चालते.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, याबद्दल दिलगीर आहे. घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केल्याचे तू लिहिलेस आणि कायमचे राहायला ये, असा आग्रह धरलास. त्याचे उत्तर देण्यापूर्वी, तू विचारले आहेस म्हणून, त्या शुक्रवारची हकीकत क्रमाने लिहिते.

मंगळवारी आम्ही दोघी बहिणींनी कॅरव्हॅन पठाराच्या पश्चिम टोकाला लावली. तिथून वनरक्षकाची चौकी एकेचाळीस किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता; फोन कुठेही लागत नाही. तीन दिवस तिसरे माणूस दिसले नाही. शुक्रवारी साडेसहाला उठलो, चहा घेतला. आठ दहाला निघण्याची तयारी सुरू केली. आठ चाळीसला तुझ्या आईने छातीत जड वाटत असल्याचे सांगितले. त्याच क्षणी गाडी सुरू केली. दहाला पाच मिनिटे कमी असताना चौकी गाठली. दहा दहाला ती गेली. वनरक्षकाने बिनतारी यंत्रावरून बोलावलेले डॉक्टर दहा वीसला पोहोचले.

मी सांगितलेली वेळ नोंदवून ते म्हणाले, "बाई, तुम्ही एक मिनिटही दवडलं नाहीत. एवढ्या लांबून कुणालाच जमलं नसतं." त्यांनी लिहिलेल्या कागदावर दोन ठिकाणी खाडाखोड होती. मी तो पुन्हा लिहून मागितला.

आता निघण्याआधी वाचायच्या यादीविषयी. मागच्या वर्षी निघताना छतावरची झडप उघडी राहिली आणि पहिल्याच झाडाच्या फांदीने उखडली. झडप लावणे तुझ्या आईकडे होते. बालवाडीत चाळीस पोरे सांभाळणारीला एक झडप सांभाळता येऊ नये, हे मी तिला वर्षभर ऐकवले. शिवाय यादी केली: चौतीस बाबी. मी एकेक वाचायची, तिने ती करायची आणि "केलं" म्हणायचे. तोवर पुढची बाब नाही. ती मला हेडबाई म्हणायची. "हेडबाई, श्वास घेऊ का, की तो कितव्या नंबरला आहे?" या विनोदाला मी कधी हसले नाही.

ठकू, वर लिहिलेला क्रम खोटा आहे. विद्यापीठात अडतीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून असे सरकवलेले आकडे शोधून काढले आणि ते प्रबंध दयामाया न दाखवता परत पाठवले. तुझ्या आईने जड वाटत असल्याचे आठ दहाला सांगितले. यादी सुरू होण्यापूर्वी.

"ताई, छातीत कसंतरीच होतंय गं. जड जड."

"काल किती जेवलीस ते आठव. यादी होऊ दे, लगेच निघू."

"वाच बाई. नाहीतर परत वर्षभर ऐकवशील."

मी वाचू लागले. अकराव्या बाबीपासून "केलं" उशिरा येऊ लागले. मी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "आज अगदीच गोगलगाय झालीस." बाविसावी बाब झडपेची. त्यासाठी स्टुलावर चढावे लागते. "ही एवढी तू करतेस?" तिने विचारले. मी म्हणाले, "मागच्या वर्षी कोण विसरलं होतं?" ती चढली. वरूनच म्हणाली, "केलं, हेडबाई." आवाज अर्धा झाला होता. तो मला ऐकू आला होता, हेही लिहून ठेवते.

एकोणतिसावी बाब: मागच्या चाकांखालचे ठोकळे. उत्तर आले नाही. मी ती पुन्हा वाचली, मोठ्याने. तिसऱ्यांदा वाचली. मग उतरले. ती चाकाला टेकून बसली होती. एक ठोकळा मांडीवर, चेहरा घामाने निथळलेला. "दुसरा निघत नाहीये गं," ती म्हणाली. "रागावू नकोस."

मी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावला.

इथे थांबता आले असते, तर हे पत्र तीन आठवड्यांपूर्वीच तुला मिळाले असते. तिला बसवून मी परत खाली उतरले. ठोकळा काढणे भागच होते. त्याशिवाय गाडी हलली नसती. पण उरलेल्या पाच बाबींना काही कारण नव्हते. पायरी, सांडपाण्याच्या टाकीचे झाकण, कनातीचे पट्टे, बाहेरचा दिवा, मागच्या दाराची कडी. प्रत्येक बाब मी मोठ्याने वाचली आणि माझी मीच "केलं" म्हणाले. चार मिनिटे. आतून ती काचेवर बोटाने टकटक करत होती. मला तिच्या घाईचा राग आला.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांना खरी वेळ कळवली आणि विचारले, अर्धा तास आधी आणले असते तर? त्यांनी दोनच शब्द लिहून पाठवले: "शक्यता होती." या खेपेस खाडाखोड नव्हती.

कॅरव्हॅन दारात उभी आहे. पडदे ओढलेले, कड्या लावलेल्या, झडप बंद. बोट ठेवायला जागा नाही. मी त्या बाजूची खिडकी उघडत नाही. वाचन सुटले आहे. कुठलेही पान हाती घेतले, की मी ते मोठ्याने वाचू लागते आणि उत्तराची वाट पाहते.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, "जाऊ दे गं मावशी" म्हणशील आणि मी ते निमूट पदरात पाडून घेईन. इतकी मी मला ओळखते. हे पत्र दोनदा वाच, जावयांना वाचायला दे. मग ठरव, की हे कळल्यावरही मी तुझ्या घरात राहायला यावे की नाही. समजूत नको, कारणे नकोत. होय किंवा नाही, तुझ्या स्वतःच्या हाताने, तारीख घालून. उत्तर लेखीच हवे.

तुझ्या आईची,
ताई