अर्धं निळं दार आणि मामांचा रस्ता

वडीलधाऱ्या सुयुनबाय मामांना भाचा एर्मेक याचा छातीवर हात ठेवून सलाम.

गुडघा कसा आहे? घोडी व्याली का? कोकरं, मेंढ्या, लोकरी नमद्याचा तंबू आणि अनारकान मामींचा आवाज, सगळं धडधाकट असेल अशी आशा करतो. आम्ही इथे अंदिजानला मजेत आहोत. (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण उझबेकांमध्ये राहून आदरार्थी बोलायची इतकी सवय लागली आहे की आता स्वतःलाही एकेरी हाक मारवत नाही.) तुमचा फोन लागत नाही. जिल्ह्याचे साहेब 'रस्ता मोकळा करा' म्हणून सारखे फोन करतात, म्हणून तुम्ही तो घोडीचं दूध आंबवायच्या कुमीसच्या पिशवीत बुडवलात, असं शेराली ड्रायव्हर सांगत होता. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतोय. नदीवर पूल बांधा म्हणून तुम्ही हमरस्त्याच्या मधोमध तंबू ठोकलात हे ऐकून ऊर भरून आला. नक्की कशाने भरून आला ते पुढे येईलच.

मुद्दा असा की मला लग्न करायचं आहे. मुलगी नफोसत. मी ज्या भट्टीवर पीठ मळतो, तिचे मालक तोहिर-आका, त्यांची ही मुलगी. (मी खरं तर खोगीर घ्यायला समरकंदला निघालो होतो. बस इथे थांबली, ताज्या रोटीचा वास आला आणि उतरलो. त्याला दोन वर्षं झाली. खोगीर घ्यायचं राहिलंय.) नफोसतची ना नाही. ती म्हणते, एकही काम शेवटाला न नेणारा असा माणूस मी जन्मात पाहिला नाही, निदान लग्न तरी पुरं करतोस का ते बघायचंय. प्रश्न तोहिर-आकांचा आहे. ते फार कमी बोलतात, आणि जेवढं बोलतात तेवढंही भट्टीच्या तोंडात डोकं घालून. त्यांनी विचारलं, तुझा मोहल्ला कोणता? मी आपल्या रीतीप्रमाणे सात पिढ्यांचे पूर्वज म्हणून दाखवले. (पाचवे आणि सहावे यांची अदलाबदल झाली, पण ओघात खपून गेली.) ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बाळा, गेलेल्यांचं नाही विचारलं मी. गल्लीत पाणी तुंबलं तर जाता कुणाकडे?"

"मामांकडे."

"मग मामा काय करतात?"

"रस्त्यावर बसतात."

त्यावर त्यांनी हातातली रोटी भट्टीत थापली. शेवटी ठरलं ते असं की गुरुवारी ते स्वतः येऊन आपला मुलूख बघणार आणि मगच मुलगी द्यायची की नाही ते सांगणार.

तेव्हापासून मी आपल्या किर्गिझस्तानची आणि या उझबेकांच्या देशाची तुलना करत बसलोय. माझं शिक्षण तुम्हाला माहीतच आहे. (भूगोलाच्या तासाला मी खिडकीतून प्रत्यक्ष भूगोल बघायला निघून जायचो.) तरी माझ्या अल्पमतीला दिसतं ते असं. इथे पूल आधी बांधून होतो, नदी मागाहून आणतात. आपल्याकडे नदी आहे, निदर्शनं आहेत, भाषणं आहेत, फक्त पूल नाही. पूल बांधला नाही म्हणून आपण गावप्रमुख काढतो. नवा येतो, त्याला कुलपाची किल्ली सापडेपर्यंत त्यालाही काढतो. एखाद्याला दोन उन्हाळे खुर्चीत बसू दिलं असतं तर, असा विचार मनात आला होता. पण तुम्ही रागवाल म्हणून इथे लिहीत नाही. उलट इथे एकच माणूस इतकी वर्षं खुर्चीत असतो की खुर्ची कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. रस्ते मात्र तुळतुळीत. त्यावर सायकल सोडली की ती मला न विचारता बाजारापर्यंत जाते.

आता दाराचं प्रकरण. आमच्या मोहल्ल्याचे प्रमुख मिर्झा-ओता. गेल्या महिन्यात त्यांनी सगळ्यांना पुलावाला बोलावलं आणि सांगितलं की शनिवारी प्रांताचे हाकीमसाहेब इथून जाणार आहेत, तर गल्लीतली झाडून सगळी दारं निळी करायची. सगळे म्हणाले, उत्तम. आणि मी, ज्याला पुलावातल्या मटणापुरतं बोलावलं होतं तो, उभा राहून म्हणालो, "निळीच का?"

मामा, चावणारी तोंडं अशी एकदम थांबलेली मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, लोकांना विषयात रस आहे. म्हणून मी आणखी बोललो. आमच्या किर्गिझस्तानात असं चालत नाही, आम्ही सगळे बसतो, प्रत्येकजण बोलतो, वगैरे. मिर्झा-ओतांनी मिशीवरचा भात पुसला आणि गोड आवाजात विचारलं, "मग तुमच्या गावात दारांना कोणता रंग आहे, बेटा?"

"अजून ठरायचाय."

"कधीपासून?"

"स्वातंत्र्य मिळाल्यापासून."

शिक्षा म्हणून रंगाचा डबा माझ्याच हातात आला. गल्ली मी इमानाने रंगवत आणली, शेवटचं दार तोहिर-आकांचं. डाव्या फळीला निळा हात देऊन झाला आणि शेजारच्या गच्चीवरून कबुतरं उडाली. त्यांत एक पांढरं कबुतर हवेत अशा कोलांट्या मारत होतं की काय सांगू! मी त्याच्या मागे गेलो. परत आलो तेव्हा डब्यातल्या रंगावर साय धरली होती आणि हाकीमसाहेबांची गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. अख्ख्या गल्लीत एकच दार अर्धं निळं, अर्धं तपकिरी. गाडी नेमकी तिथे मंदावली. काच खाली झाली. साहेब म्हणाले, "हे जरा वेगळं आहे," आणि गेले.

मी रात्रभर गाठोडं उशाला घेऊन पडलो. सकाळी मिर्झा-ओता दारोदार फिरत होते. मला हाकलायला नाही. आता सगळी दारं अर्धी तपकिरी करायची होती. सगळे म्हणाले, उत्तम. आज आमच्या गल्लीत उभं राहिलं की वाटतं आपणच एक डोळा मिटून बघतोय. का, म्हणून एकानेही विचारलं नाही. (मीही नाही. मी शिकतोय.)

फक्त तोहिर-आकांच्या तोंडून 'उत्तम' आलं नव्हतं. नफोसतने नंतर सांगितलं की ते दार अक्रोडाचं आहे, तिच्या आजोबांनी एक अख्खा हिवाळा बसून कोरलेलं. माझ्या निळ्याखाली डाव्या फळीवरची सगळी डाळिंबं बुजली. मी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "तू नाही रे, रंग वरून आला." आणि वर, "तू विचारलंस तरी."

असो. पत्र लांबलं. मोठ्यांना सलाम, लहानांचे पापे, घोडीच्या मानेवरून एक हात.

तुमचा भाचा,
एर्मेक

ता. क. मामा, खरं काम राहिलंच. गुरुवारी दुपारी तोहिर-आका शेरालीच्या गाडीने येतील, आणि आपल्या गावाला यायला तुम्ही बसलाय तोच एक रस्ता आहे. चहा निवेपर्यंत तंबू बाजूला घ्या, एवढी एक गाडी जाऊ द्या. भाच्याने मागितलेलं मामाने तीन वेळा द्यायचं, ही आपली रीत. शिंगरू मी मागितलं होतं, तुमची कोल्ह्याची टोपीही मागितली होती (टोपी समरकंदच्या वाटेवर हरवली), तरी एक मागणं शिल्लक आहे. माझं लग्न तुमच्या तंबूच्या खुंट्यांना अडकलंय.

दुसरा ता. क. वरचं सगळं रद्द. तोहिर-आकांनी विचारलं, काय लिहितोस? मी सांगितलं. ते म्हणाले, तंबू हलवायचा नाही. तिथे कुणीही बसून बोललं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं, थांबवणंच अवघड जातं. "आपल्या दाराबद्दल बोललं तर?" मी म्हटलं, आका, तुमच्या दाराशी आमच्या सरकारचा काय संबंध? म्हणाले, "नसू दे. ऐकतील तरी." आता ते दार बिजागऱ्यांवरून उतरवतायत. गाडीच्या टपावर बांधून आणणार आहेत. मिर्झा-ओतांना सांगितलंय, सुताराकडे नेतोय.

तिसरा ता. क. आजोबांची डाळिंबं मोकळी झाली की मुलगी दिली, असा त्यांचा शब्द आहे. रंग खरवडायला मलाच बसवलंय. अर्धा झालाय. मामा, तंबूत नाहीतरी सगळ्यांचे हात रिकामेच असतात, तर गुरुवारी चार चाकू धार लावून ठेवा.