धुऱ्यावरचा वास

नवेगाव बांध,
२ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजनले आईचे अ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर बोलाले लागली की तुझे बाबा बाजूले येऊन बसतात.

पंधरा दिवसांआधी आपल्या धानाच्या बांधीले बांध घातला त्या धुऱ्यावर सुगंधी तांदूळ शिजल्यासारखा वास आला. आपला धान तर जाडा, बिनवासाचा. वनमजूर केवळरामनं पाहून सांगितलं, वाघ मुतून गेला, त्याचाच हा वास. वाघ मले दिसलाच नाही, आता तर तो दूर पहाडाकडं गेला म्हणतात. पण धान कापणीले आला तरी धुऱ्याजवळ माझे पाय थांबून राहतात. बाबा म्हणतात, तू भेदरली, घरीच बस, शेत ठेक्यानं देऊन टाकू. वीस वर्षं मीच पिकवलेली बांधी. तू तिकडं प्रयोगशाळेत उंदरांले मांजरीचा वास देतेस ना? मग सांग, मले काऊन असं होऊन राहिलं?

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
आई


नागपूर,
८ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न.

मांजरीच्या गळ्यात बांधलेलं फडकं मी उंदरांपुढे दहा मिनिटं ठेवते. मांजर तिथं नसतंच. तरी दोन आठवड्यांनंतरही बरेच उंदीर कोपरा सोडत नाहीत, त्यांच्या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात धोक्याचे संदेश चढेच असतात. याला भित्रेपणा म्हणत नाहीत, आई. बाबांना हे वाचून दाखव.

पण चोवीस उंदरांतले पाच पहिल्यासारखेच फिरतात. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, त्यांच्यामुळे आलेख बिघडतो, वगळ. मी नाही म्हटलं. मग परिषदेला तुझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवीन, म्हणाले. पाठवा म्हटलं. खोलीवर आल्यावर त्या पाचांचे आकडे पुन्हा तीनदा तपासले, ते वेगळं.

एकटी जाऊ नकोस. जाऊच नकोस, असं मात्र मी म्हणणार नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
गुंजन


नवेगाव बांध,
१७ नोव्हेंबर

चि. गुंजनले अ. आ.

बाबांले वाचून दाखवलं. उंदराची अन् बाईची बरोबरी कायले, म्हणाले. मी विळा घेऊन निघाली. शेजारची सुशीलाबाई अन् आणखी पाच जणी संगं होत्या. केवळरामनं आधी आजूबाजूचं पाहून दिलं. धुऱ्यावर पाय थांबलेच. बायांनी ओढलं नाही; बाजूले बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा खात राहिल्या. बऱ्याच वेळानं मीच बांधीत उतरली. धान कापत गेली. चार दिवसांत बांधी निघाली.

तू पाचही उंदीर ठेव. अन् जे कोपऱ्यात बसले, त्यांच्या नावापुढं भित्रे लिहू नको.

उद्या सुशीलाबाईचं शेत, जंगलाले लागून. वाघाच्या भेवानं तिथं यंदा कापणीले कोणी पाय ठेवला नाही. बाबांनी विचारलं, मी येऊ काय. मी म्हटलं, या, पण पुढं चालून आमाले शिकवू नका. पाण्याची घागर उचला.

जेवत जा, माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आई
वच्छला