सासरेबुवांचा रेडिओ डुलक्या काढतो

चि. इंजिनिअर मेहुणे यांस दाजींचे अनेक आशीर्वाद. (पदवी असली तरी आशीर्वाद लागतातच.) इकडे सगळे ठणठणीत. नव्या खुर्चीने तुमची पाठदुखी थांबली असेल अशी आशा आहे. पाठ जुनीच असल्याने खात्री नाही.

पत्रास कारण, तुमच्या बाबांचा रेडिओ. सेल उतरले की ते रुसतात, म्हणून मी अडगळीतला बारा व्होल्टचा अडॅप्टर काढून त्याला सहा व्होल्टचा रेग्युलेटर जोडला. कपॅसिटर त्याच्या पायांना अगदी चिकटून (वितीभर लांब नव्हे, तुमचं कॉलेजातलं प्रोजेक्ट मी पाहिलं आहे) आणि उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक हिशेबाच्या दीडपट. उरलेले सहा व्होल्ट उष्णता होऊन जातात, हे कॉलेजात न जाताही कळतं. रेडिओ सुरेख चालला. मग एके दिवशी समालोचन ऐन रंगात आलं आणि हा गप्प! आपोआप पुन्हा बोलू लागला, तोवर बक्षीस समारंभ. मग रोजच तसं. बाबा म्हणाले, "जावईबापू, तुमचा रेडिओ डुलक्या काढतो हो. मी आपला मुलाकडे जातो." आणि बॅग खरंच पलंगाखालून बाहेर आली.

त्यावर तुम्ही फोनवर मारे सांगितलंत, "दाजी, हे आता कोण वापरतं? स्विचिंग मॉड्यूल लावा, गार राहतं." राहतं ना! आणि रेडिओत माश्या घोंगावतात. असला रेडिओ तुमच्या पिढीने ऐकावा. मी दुकानदाराला नकली मालाबद्दल झाडलं, रेग्युलेटर बदलला, तरी तेच. जास्त तापला की तो जीव वाचवायला स्वतःच बंद होतो, निवला की उठतो. पण माझा हीटसिंक असताना तापेल कशाला? तपासायला बसावं, तर माझ्यासमोर एकदाही बंद पडायचा नाही.

काल उलगडा झाला. रेग्युलेटर आणि हीटसिंक ज्या डब्यात बसवले, त्याला तुमच्या ताईने लोकरीचं कव्हर विणलं आहे, दुपदरी, झालरीसह. (मिक्सर, फोन, रिमोट, काही म्हणून उघडं ठेवलेलं नाही.) तपासताना मी ते बाजूला ठेवतो, माझी पाठ वळली की ती मायेने पुन्हा चढवते.

बाबांना नमस्कार सांगायची वेळ तुमच्यावर न येवो.

दाजी

ता. क. हे तिला मी सांगू शकत नाही. एकदा स्वेटरबद्दल मत दिलं होतं. तेव्हापासून मतं देत नाही. तरी तुम्हीच, आपणहून सुचल्यासारखं, तिला लिहा की हीटसिंक उघडा लागतो. तुमच्या पदवीचा या घराला हा पहिलाच उपयोग.

ता. क. २. तिचे हात सुयांत गुंतलेले असतात, त्यामुळे पत्र मीच मोठ्याने वाचणार. तेव्हा त्यात एखादी तांत्रिक चूक राहू द्या (मुद्दाम कष्ट घेऊ नका). ती मी तिथल्या तिथे खोडून काढीन, म्हणजे कुणाला संशय यायचा नाही.